माझ्या काचेखालचा पारा

मित्रांनो, मला डोळा एकच आहे आणि तोही उसन्या उजेडावर चालतो. तरी त्याला जे दिसतं ते तुमच्या दोन डोळ्यांना दिसत नाही, एवढी फुशारकी मला मारू द्या. मी एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक आहे. लोणावळ्याच्या एका शाळेत, कपाटाच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो.

तरुणपणी मी पुण्याच्या एका कॉलेजात होतो. तिथे माझ्या नशिबी वर्षानुवर्षं कांद्याची साल आली. मुलं यायची, साल बघायची, जांभया द्यायची. पुढे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि मला अडगळीत टाकलं. तिथून मला हिराताईंनी उचललं, हे माझं भाग्य.

हिराताई तिकोणा पेठ या गावच्या शेतकरी घरातल्या. डॉक्टर होऊन त्यांनी लोणावळ्यात दवाखाना थाटला होता. सकाळी रोगी तपासायच्या आणि दुपारी मागच्या खोलीत प्रयोग करायच्या. पावसाळ्यात इथल्या दमट हवेनं भिंगांना बुरशी धरते, म्हणून माझ्या पेटीत त्या ओल शोषणाऱ्या चुनकळीची पुरचुंडी ठेवायच्या. इतकी बडदास्त माझी कुणी ठेवली नव्हती.

ही गोष्ट एकोणीसशे पंच्याहत्तरच्या सुमाराची. जवळच्या एका कारखान्यात थर्मामीटर बनायचे आणि तिथले कामगार हात थरथर कापतात म्हणून ताईंकडे यायचे. पारा त्यांच्या अंगात भिनला होता. सेलेनियम नावाचं द्रव्य दिलं तर उंदरांना पारा कमी बाधतो, असं ताईंच्या वाचनात आलं होतं. माणसाच्या पेशींचंही तसंच होतं का, हे त्यांना बघायचं होतं.

ऊन पडलं की त्या माझा आरसा फिरवून उजेड धरायच्या आणि काचेवर रक्ताचा थेंब ठेवायच्या. त्यात पाऱ्याचा क्षार घातला की तांबड्या पेशी फुगायच्या आणि फुटायच्या. पण त्याबरोबर सेलेनियमचा कणभर क्षार घातला, तर बऱ्याच पेशी तशाच गोल, धडधाकट राहायच्या. पाऱ्याला कुणी बखोट धरून बाजूला न्यावं तसंच ते होतं. सेलेनियम पाऱ्याला घट्ट धरतं, मग पेशींना छळायला तो मोकळा राहत नाही, असं ताई म्हणायच्या. हे पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी त्या एकट्याच हसल्या. मला फार आनंद झाला.

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या हिराताई कसल्या! त्यांनी आणखी एक काच तयार केली. तिच्यात पारा नव्हता, नुसतं सेलेनियम, पण जास्त. त्याही पेशी फुटल्या.

अशातच भर पावसात लोहगडवाडीच्या बाजूचा नवसू आपल्या बायकोला, बायाला, घेऊन आला. नवसू त्याच थर्मामीटरच्या कारखान्यात होता. त्याचा हात जरासा कापायचा. पण बाया, जिनं कारखान्याचं तोंडही पाहिलं नव्हतं, तिच्या हातून पाण्याचा पेलासुद्धा सांडत होता.

"ताई, लेकीला उचलायचं भ्याव वाटतंय," बाया म्हणाली. "हातातनं सुटली तर? पदराखाली घ्याची तरी दुसरं कुनी उचलून देतंय." तिची चिंगी तान्ही होती.

नवसूच्या कानावर दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून काहीतरी आलं होतं. तो म्हणाला, "तुमच्याकडं पाऱ्यावरचं औशिद हाय म्हनं. तेवढं हिला द्या. लय उपकार व्हतील."

सेलेनियमची बाटली ताईंच्या हाताशी होती. पण त्यांनी दिवा लावून माझ्या आरशासमोर ठेवला. मग त्यांनी एक नुसत्या रक्ताची आणि एक ती जास्त सेलेनियमची, अशा दोन काचा पाळीपाळीनं माझ्याखाली सरकवल्या आणि बायाला बघायला सांगितलं.

"आधी ही चांगल्या रक्ताची काच बघ. आता ही दुसरी. काय दिसतंय?"

"हिच्यात कायच न्हाई. पुसल्यागत झालंय."

"हे तुझ्या त्या औषधानंच झालंय, बाया. तुला किती झेपेल ते मला ठाऊक नाही. अजून कुणालाच ठाऊक नाही. मग तुझ्या अंगावर कसं करून बघू?"

बाया निघायला उठली. ताईंना मात्र एक गोष्ट खटकत होती. नवऱ्यापेक्षा हिचा हात जास्त का कापतो? त्यांनी विचारलं, "नवसूभाऊ, घरी पारा आहे का?"

"हाय की," नवसू सरळपणे म्हणाला. "तांदळात टिकड्या घालाया."

मग सगळं उलगडलं. कारखान्यात सांडलेला पारा नवसू शिशीत भरून घरी न्यायचा. बाया तो राखेत खलून टिकड्या वळायची. टिकडी घातली की तांदळाला कीड लागत नाही, म्हणून अख्खी वाडी तिच्याकडून टिकड्या न्यायची. एरवी त्या उन्हात वाळायच्या. पावसात ऊन कुठलं? म्हणून बाया दार लावून, चुलीच्या बाजूच्या वैलावर त्या वाळवत बसायची. पाऱ्याच्या वाफेला ना रंग, ना वास. ती तिच्या अंगात जात राहिली. चिंगीची झोळी बाहेर पडवीत असायची, म्हणून ती बचावली होती. ताईंनी तिलाही नीट तपासलं.

"त्या टिकड्या कुणाच्याच घरात नकोत," ताई म्हणाल्या.

वाडीत बायाला मान होता तो या टिकड्यांमुळेच. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मीच दिल्यात. मीच मागून घेती."

आणि तिनं तसं केलं. लोक हसले, काही रागावले, पण ती घरोघर फिरली. सगळ्या टिकड्या घट्ट बुचाच्या बरणीत ताईंकडे आल्या. मित्रांनो, मी मोठमोठे प्रोफेसर पाहिले आहेत, पण मला या बाईचा अभिमान वाटतो.

भातकापणी उरकल्यावर बाया नवसूबरोबर पुन्हा आली. हात पुरता थांबला नव्हता, पण चिंगी तिच्या कडेवर होती. "मी सोता उचलली," ती म्हणाली. ताईंनी चिंगीचा गालगुच्चा घेतला. मग बायानंच विचारलं,

"त्या औशिदाचं काय झालं?"

"शोधतेय अजून."

बायानं चिंगीला नवसूकडे दिलं आणि बोट पुढे केलं. "मंग माजं रगत घ्या. दुसऱ्या कुनाच्या तरी उपेगी पडंल."

पुढे ताईंनी मला या शाळेला दिलं, म्हणून तुम्हाला सांगतो. मित्रांनो, थर्मामीटर फुटला तर ते चकचकीत मणी वेचू नका, विस्तवाजवळ तर मुळीच नेऊ नका. खिडक्या उघडा, बाहेर जा आणि मोठ्यांना हाक मारा. आणि माझ्या काचेवर कधी रक्ताचा थेंब आला, तर तो कुणीतरी बोट पुढे करून दिलेला असतो, एवढं ध्यानात ठेवून माझा स्क्रू हळू फिरवा.