बेचिराग गावातली बोराटी

हौसेला मोल नसतं म्हणतात. नसेल बापडं, पण विशाखाला तिची हौस चांगलीच नडली. वाचनालयाला शंभर वर्षं भरली म्हणून जुन्या कागदांतून शहराचा इतिहास मांडायचं प्रदर्शन ठरलं. दरवाजे, नहरी, बाजार, मोहल्ले आणि वाढता वाढता शहरानं पोटात घातलेली खेडी. दप्तरखाना विशाखाच्या ताब्यात, म्हणून बोर्डांवरचा मजकूरही तिनंच लिहायचा होता. त्यातलं एक खेडं तिचं स्वतःचंच निघालं. मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडची खापरवाडी. आता तिथं अपार्टमेंटं उठलीत, पण नाल्याकाठची बौद्ध वस्ती अजून जागच्या जागी आहे, आणि विशाखा त्याच वस्तीतली.

निजामाच्या काळातल्या उर्दू दप्तरात, सत्तेचाळीस सालच्या पानावर, खापरवाडीपुढं एकच शब्द लिहिला होता. बेचिराग. विशाखा दोन हिवाळे क्लासला जाऊन उर्दू शिकलेली. तिनं शब्द वाचला आणि तिच्या अंगावर काटा आला. बेचिराख! आपलं गाव जाळलं होतं की काय! रक्त तापलं की डोकं कुठं जाग्यावर राहतंय? तिनं बोर्ड लिहूनच टाकला : 'निजामी राजवटीच्या अखेरीस खापरवाडी जाळून बेचिराख करण्यात आली. त्या राखेतून आमची वस्ती उभी राहिली.' 'आमची' हा शब्द ठेवावा की खोडावा, यावर तिनं अर्धी दुपार घातली आणि शेवटी ठेवला.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी आप्पासाहेब बोर्ड तपासायला आले. आप्पासाहेब वाचनालयाचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. उर्दू बापाकडून शिकलेला, छप्पर गळायला लागलं तेव्हा दप्तरं स्वतःच्या डोक्यावर वाहून कोरड्यात नेलेला. पण एक खोड जबरी. चूक दिसली की त्यांना दम निघायचा नाही. लग्नाच्या पत्रिकेतला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा ते मांडवात उभं राहून नवरीच्या बापाला सांगायचे. आणि खापरवाडीची पाटीलकी होती ती त्यांच्याच घराण्यात.

बोर्डापुढं ते थांबले आणि मोठ्यानं हसले.

"अगं पोरी, हे काय लिहून ठेवलंस? बेचिराख नव्हे, बेचिराग! चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही, म्हणजे माणूसच राहत नाही, ते गाव बेचिराग. सरकारी दप्तरातला शब्द आहे तो. आग नाही, राख नाही, काही नाही."

"मग गावाचं झालं काय?"

"पटकीची साथ आली, गाव उठलं. आमची माणसं वर माळावर नव्या गावठाणात गेली. खापरवाडी रिकामी पडली. तुमची वस्ती मागाहून आली, कंपन्यांच्या कामाला. त्यात कमीपणा कसला? बोर्ड काढून टाक. पुस्तकात मी तसंच घेतो, वस्ती साठ सालानंतरची."

पुस्तक! विशाखाच्या पायाखालची जमीन सरकली. प्रदर्शनातला सगळा मजकूर पुस्तक म्हणून छापायचा होता. एकदा छापलं की झालं. उद्याच्या पोरांनी कुठंही विचारलं तरी हेच पान त्यांच्या तोंडावर मारलं जाणार की तुम्ही उपरे, मागाहून आलेले. आणि ते पान शोधून, झटकून, बोर्डावर मिरवलं कुणी? तर विशाखाबाईंनीच. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा!

संध्याकाळी ती घरी आली ती फणफणतच. आजी गोजरबाई दारात बसून मिश्री लावत होती. म्हातारी पंच्याऐंशीच्या घरातली, पण आवाज खणखणीत. नवरा घरजावई आणलेला, म्हणून जन्मल्यापासून तिनं खापरवाडी सोडलीच नव्हती.

"आज्जे, आपलं गाव कधी जळालं व्हतं का?"

"जळो त्याचं तोंड! कोण म्हणलं? गाव नाय न् गोठा नाय, काय सुदीक जळालं नाय."

"मग गावात दिवा लागत नव्हता का? तू बारकी व्हतीस तव्हा?"

"लागत नव्हता तर काय आंधारात जेवत व्हतो? माझी माय करडीच्या तेलाचा दिवा लावायची. वर गेली ती पाटलाची माणसं. आमी कुठं गेलतो? आमाला कोण बोलावतंय माळावर!"

"पण दप्तरात लिवलंय, गावात दिवा नाय म्हणून."

गोजरबाईनं पचकन थुंकून तोंड पुसलं. "पटवाऱ्यानं लिवलं आसंल. त्यो मुडदा घोड्यावर यायचा, चावडीपाशी घोडं उभं करायचा अन् तिथूनच माघारी फिरायचा. नाला वलांडून महारवाड्यात कशाला येतोय त्यो? घोडं बाटलं आसतं ना त्याचं!"

विशाखाला आधी हसू आलं. मग असा संताप आला की कानशिलं तापली. दोन तास ती स्वतःला अडाणी म्हणत होती, एका शब्दासाठी तोंड लपवत होती. अन् इथं अख्खा महारवाडा नजरेआड केलेला माणूस दप्तरात शहाणा ठरून बसलाय! काढते बोर्ड. थांबा, चांगलाच काढते.

तिनं जुना मजकूर काढला आणि त्याच जागी नवा लावला : 'सन १९४७च्या दप्तरात खापरवाडी बेचिराग, म्हणजे दिवा न लागणारे गाव, अशी नोंद आहे. ही नोंद खोटी आहे. नाल्यापलीकडे महारवाड्यात माणसे राहत होती. पटवारी नाला ओलांडून आला नाही. हा शब्द मी आधी चुकीचा वाचला होता. पटवाऱ्याने गाव चुकीचे वाचले.'

उद्घाटनाला हॉल भरला. आप्पासाहेब पाहुण्यांना बोर्ड दाखवत दाखवत खापरवाडीपाशी आले. हसू मावळलं. "सोमनाथ," त्यांनी शिपायाला हाक मारली, "हा बोर्ड उतरव."

सोमनाथनं स्टूल आणलं. विशाखा बोर्डाला पाठ लावून उभी राहिली.

"आधी मला उतरवा. नोकरीवरून काढायचं तर आत्ता काढा, बोर्ड निघणार नाही."

"तमाशा करू नकोस. सरकारी दप्तर खोटं अन् तू खरी? पुरावा दाखव."

"पुरावा आलाय. तुमच्या मागं उभा आहे."

गोजरबाई पांढऱ्या लुगड्यात, काठी टेकत पुढं आली. "जयभीम, आप्पासाहेब. मला वाचता येत नाय. बोर्डाचं तुमी दोघं बघा. मला एवढंच सांगा. आमच्या लोकांनी तुमची मेलेली ढोरं वढायचं सोडलं, तव्हा तुमच्या आज्यानं आमच्या हिरीवर बोराटी टाकली. बोरीच्या काट्यांनी हीर गच्च भरली, घागर बुडंना. आमी नाल्यात झिरे उकरून गढूळ पाणी पिलो. माझा पाठचा भाऊ त्या पाण्यानं गेला. गावात माणूसच नव्हतं म्हणता, मग ती बोराटी काय भुतांसाठी टाकली व्हती का?"

आप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला. एक गोष्ट त्यांना काही केल्या गिळवेना.

"साफ चूक!" ते ओरडले. "आजोबांनी नव्हे, वडलांनी टाकली बोराटी. वडील स्वतः सांगायचे. आजोबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते, शेवटचं वर्षभर."

"आजोबा वारले कधी, आप्पासाहेब?" विशाखानं लगेच विचारलं.

"अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात, पोलीस ॲक्शनच्या आधी..."

आणि ते तिथंच थांबले. जीभ दाताखाली आली, पण बोललेला शब्द काय परत गिळता येतोय?

विशाखा वळली. तिनं मार्कर घेतला आणि बोर्डाच्या खालच्या कोऱ्या जागेत, सगळ्यांना वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'ज्या वर्षी खापरवाडी बेचिराग म्हणून नोंदली गेली, त्याच सुमारास महारवाड्याच्या विहिरीवर पाटलांनी बोराटी टाकली. माहिती देणार : गोजरबाई, खापरवाडी. दुरुस्ती करणार : आप्पासाहेब, अध्यक्ष.'

मग ती बाजूला सरकली. "बघा आप्पासाहेब, काही चुकलं असेल तर सांगा. पुस्तकात जसंच्या तसं जाणार आहे."

आप्पासाहेबांनी चष्मा नीट केला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, परत वाचलं. सगळा हॉल त्यांच्या तोंडाकडं बघत होता. चूक एकही नव्हती.