खांब कोणी हलवला?

मी तिवई बोलतेय. गोड बोलणं मला जमणार नाही, आधीच सांगते. लाथा खाऊन खाऊन माझी जीभ तिखट झाली आहे.

एका सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून मला घडवलं. पाय तीनच, पण बैठक पक्की. व्हॅनकाकांनी मला घरी आणलं आणि दाराच्या डाव्या अंगाला ठेवलं. काका शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. माझ्यावर बसून ते बूट चढवायचे, किल्ली घ्यायचे आणि निघायचे. तेव्हा आमचं बरं चाललं होतं.

मग कधीपासून कोण जाणे, घरातून निघताना त्यांचा डावा पाय माझ्यावर आदळू लागला. मी तसूभरही हलले नव्हते हो! पण नडगी चोळत ते आधी मला लाथ घालायचे आणि मग काकूंवर घसरायचे.

"ही तिवई कोणी हलवली?"

"अहो, कोण हलवणार? जिथे होती तिथेच आहे."

"म्हणजे मी आंधळा? एक वस्तू जागेवर ठेवता येत नाही तुला!"

काकूही काही कमी नव्हत्या. "डोळे काय खुंटीला टांगलेत?" म्हणत त्या भांडी आदळायच्या. हळूहळू दोघांत भांडणाशिवाय बोलणंच उरलं नाही. एकदा तर काकांनी मला उचलून थेट अंगणात भिरकावलं. माझा एक पाय निखळला. असा संताप आला म्हणून सांगू! फाटकाजवळ पडल्या पडल्या मी म्हटलं, आता बघू कशावर आपटतोस ते.

दुसऱ्याच सकाळी व्हॅन बाहेर काढताना डावीकडून कर्रकन आवाज आला. फाटकाच्या दगडी खांबाने व्हॅनची अख्खी बाजू सोलून काढली होती. नशीब, आत अजून मुलं बसली नव्हती. काका तणतणत उतरले आणि सवयीप्रमाणे ओरडले,

"हा खांब कोणी हलवला?"

काकूंनी भांडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या जवळ आल्या, काकांच्या डाव्या हाताला उभ्या राहिल्या.

"उजवा डोळा झाका. समोर बघा."

"मला काही झालेलं नाही. सगळं स्वच्छ दिसतंय."

"झाका म्हणते ना!"

काकांनी डोळा झाकला. समोर बघितलं.

"अगं, तू गेलीस कुठे?"

दवाखान्यातून परतल्यावर काकू शेजारणीला सांगत होत्या. डाव्या डोळ्याची नजर कडेकडेने विझत गेली होती. आणि माणसाच्या डोळ्याची लबाडी बघा, जिथे दिसत नाही तिथे काळोखही दिसत नाही! मेंदू आजूबाजूची फरशी ओढून ते भोक बुजवून टाकतो. म्हणजे मी तिथे असून नुसती फरशी! गेलेली नजर आता परत यायची नाही. उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकवायची. काकांचं व्हॅन चालवणं कायमचं बंद.

तुम्हीही म्हणताय ना, आम्हाला सगळं दिसतं म्हणून? आधी एकेक डोळा झाकून बघा आणि मग घाला आम्हाला लाथा.

माझा पाय काकूंनीच ठोकून बसवला आणि मला पुन्हा दाराशी जागेवर ठेवलं. काकांनी अजून कोणाची माफी मागितलेली नाही. पण व्हॅनची किल्ली दुसऱ्या चालकाच्या हातात दिली, त्या दिवशी ते डाव्या हाताने चाचपत आले आणि माझ्यावर बसले.

"ही कायम इथेच होती?"

"इथेच होती," थेंबांची बाटली उघडत काकू डावीकडून म्हणाल्या. "मीही इथेच होते. वर बघा."