दुसरी किल्ली

सौंसरच्या सहकारी बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नसे आणि बंदही होत नसे. एक किल्ली कॅशियर श्रीधरकडे, दुसरी मॅनेजर भैय्याजींकडे. दोन्ही एकाच माणसाच्या हाती जाऊ नयेत, म्हणून तर सगळा खटाटोप. पण भैय्याजींना जामसांवलीच्या मारुतीची ओढ. आधी ते शनिवारपुरती किल्ली श्रीधरकडे देत. पुढे रोज कोण मागत बसणार, म्हणून ती त्याच्याच कमरेला राहू लागली. श्रीधर कुणाला नाही म्हणेल तर शपथ. कारकून सुरेशची अडलेली बेरीज, आजारी शिपायाचा झाडू, सगळं त्याच्याच गळ्यात. अशा माणसाला लोक तोंडभरून चांगला म्हणतात आणि आणखी एक काम सोपवतात.

छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं. नागपूरचा व्यवहार तुटल्यानं आता शाखेतला एक माणूस कमी होणार, अशी कुणकुण होती. घरी सुनंदा गरोदर. श्रीधरचा जीव टांगणीला लागला होता.

त्यातच एका शनिवारी, न कळवता, छिंदवाड्याहून तपासनीस आले. भैय्याजी जामसांवलीला. "मॅनेजरसाहेब बाहेर गेले जी," एवढंच श्रीधर बोलला. तपासनीस साहेब खुर्ची ओढून बसले.

तेवढ्यात मोहगावची जयवंताबाई आली. लेकीचे दागिने तिनं बँकेच्या तिजोरीत सांभाळायला दिले होते. "द्या ना जी बाबू. आज हळद हाय पोरीची. गाडी उभी करून आली मी."

दुसरी किल्ली आपल्याकडे नाही म्हटलं असतं, तर श्रीधर सुटला असता. शब्द जिभेवर आलेही. पण हळदीला बसलेली पोर डोळ्यांपुढे आली आणि तो उठला. त्यानं कमरेच्या दोन्ही किल्ल्या काढून फिरवल्या.

बाई गेल्यावर साहेबांनी विचारलं, "दुसरी किल्ली तुमच्याकडे कशी?"

श्रीधरनं खरं ते सांगितलं.

भैय्याजी शेंदराचा टिळा लावून परतले आणि साहेबांना पाहून पांढरे पडले. किल्लीचं विचारताच म्हणाले, "मी काहून देऊ जी? खणात ठेवून गेलो होतो. यानंच काढली असंल."

साहेबांनी सुरेशला विचारलं, "मॅनेजर याला किल्ली देत होते का?"

"मी नाही पाहिलं जी," सुरेश टेबलाकडे पाहत म्हणाला.

श्रीधरला राग आला, पण भीती त्याहून मोठी होती. नोकरी तर जाणारच, वर चोर म्हणतील. मग इथून पांढुर्ण्यापर्यंत कोण दारात उभं करील?

बँक बंद करायची वेळ झाली. साहेबांनी श्रीधरकडून दुसरी किल्ली घेऊन भैय्याजींच्या हातात ठेवली. "लावा तिजोरी."

श्रीधरनं आपली फिरवली. भैय्याजींनी त्यांची घातली, ती जाईना. उलटी करून घातली. गेली, पण फिरेना. टिळा घामानं ओघळला. "श्रीधर, पाह्य ना जरा," ते सवयीनं म्हणाले.

श्रीधरचा हात पुढे झालाच होता. त्यानं तो मागे घेतला.

"तुमची किल्ली हाय जी ते," तो म्हणाला. "तुम्हीच लावा."

साहेब सुरेशकडे वळले आणि त्यांनी किल्लीचा तोच प्रश्न पुन्हा विचारला.