आपाला सांगितलेली खरी गोष्ट

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडूनच ऐकायचं, हे हैदराबादेत आमच्या नल्लकुंट्यात लहान पोरांनाही ठाऊक आहे. तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. एक बाळ जन्मताच मला "सलाम सिस्टर" म्हणालं होतं, असं मी आजही शपथेवर सांगते.

म्हणून खालची मुनीरा रडत वर आली, तेव्हा माझीच पंचाईत झाली. तिची सासू सकीनाआपा उद्या मुनीराच्या सात वर्षांच्या लेकीला, इन्सियाला, "फालुदा खायला" नेणार होती. खरं तर एका बाईकडे, पोरीच्या नाजूक जागी ब्लेड लावायला. त्यांच्या जमातीतल्या काही घरांत हे अजून चालतं. बायकांनीच ठरवायचं, पुरुषांना सांगायचं नाही.

"विठामावशी, त्या फक्त तुमचं ऐकतात."

ऐकते कसली, हसते! मुनीराला वरच बसवून मी खाली गेले. आपा मेथी निवडत होती. ती दख्खनीत बोलते, मी मराठीत. चाळीस वर्षं असंच चाललंय.

"आपा, चारमिनारचं घड्याळ एकदा बंद पडलं होतं. माझ्या वॉर्डातल्या एका बाईच्या किंकाळीनं."

"हौ, और चावी तुमीच दिये! झूटी कहीं की."

"पहिलटकरीण होती. लहानपणी कापलेल्या जागेचा व्रण कडक झालेला, तिथंच फाटलं. रक्त थांबेना. लघवीची आग तर तिला लहानपणापासूनच."

मेथीतला हात थांबला. "कौन थी वो?"

"तुम्ही. युसुफच्या बाळंतपणात. टाके घालताना तुमचा हात मीच धरला होता. घड्याळ सोडलं तर सगळं खरं. आजवर कुणाकडे बोलले नाही."

तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाली, "मैं समझी, सबकू ऐसाच होता."

"नाही होत. आणि याच्या नावाचा वेगळा कायदा अजून नसला, तरी लेकराला तिथं इजा केली तर मुलांसाठीचा पोक्सो लागू शकतो. कापणारी, नेणारी, पाय धरणारी, सगळ्या अडकतील."

"मेरेकू डराते क्या?"

"घाबरवायचं असतं तर भूत आणलं असतं, आपा."

तिनं फोन उचलून त्या ब्लेडवाल्या बाईला लावला. पलीकडची बाई काहीतरी समजावत होती. आपा एवढंच म्हणाली, "नक्को. कल नक्को, कभीच नक्को."

तेवढ्यात आपाचा लेक, मुनीराचा नवरा युसुफ दुकानातून आला. मी उठले, तर आपानं माझा पदर धरून खाली बसवलं आणि मुनीरालाही हाक मारली.

"बैठ, युसुफ. मर्दों कू नहीं बोलते सो बात है. मैं इन्सिया के इत्ती थी, तब की."