पांढऱ्या वाळूची लाज

मी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या पेंबा बेटाजवळच्या प्रवाळखडकावर राहणारा एक वृद्ध पोनो मासा आहे. इथे उशिरापर्यंत लोळणाऱ्या माणसालाही ‘पोनो’ म्हणून चिडवतात, कारण मी रात्री स्वतःभोवती बुळबुळीत पडदा विणून गाढ झोपतो. त्या चेष्टेचे मला काही वाटत नाही. लाज वाटते ती वाळूची.

मित्रांनो, माझे दात जुळून पोपटाच्या चोचीसारखे झाले आहेत. त्यांनी मी खडकावरचे शेवाळ खरवडतो, तेव्हा खडकही तोंडात येतो. घशातल्या जात्यात त्याचे पीठ होते. शेवाळ अंगी लागते. पीठ शेपटीकडून बाहेर पडते आणि लाटा ते किनाऱ्यावर नेतात. इथे लग्नाच्या अंगणात पसरतात ती शुभ्र वाळू, क्षमा करा, बहुतांशी आमच्या जातीची विष्ठा आहे.

तरुणपणी मी तपकिरी मादी होते. कळपातला निळा नर नाहीसा झाला, तेव्हा सर्वांत मोठी म्हणून माझाच रंग पालटला आणि मी नर झालो.

यंदा फाकी नावाच्या कोळ्याच्या सापळ्यात मी आणि कळपातल्या उरल्यासुरल्या तपकिरी माद्या सापडलो. त्याने आम्हाला होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात ओतले. किनाऱ्यावर त्याची थोरली बहीण बी मीझे रिकामी टोपली घेऊन उभी होती. लेकीचे लग्न तोंडावर आले होते.

“समोरच्या गावानं आपली वाळू पळवली रे! नुसता खडक उरलाय.”

“कशात बांधून नेली, ताई? नेसायच्या कांग्यात? तुझ्या सासरचे असतील बघ, हाताला लागेल ते उचलतात.”

“सासरचं नाव काढलंस तर आज कालवण मिळायचं नाही!”

तेवढ्यात भीतीने माझा ताबा सुटला. पाण्यात पांढरी रेघ उमटली.

“अगं, हा बघ! होडीतच हगला!” फाकी खो खो हसला.

बी मीझे वाकली. तिने ती रेघ चिमटीत धरून चोळली. तिचे हसू मावळले.

“फाकी, ही अंगणातली वाळू आहे. याच्याच पोटातून येते आणि आपण यालाच धरून खातो. म्हणजे चोर आपणच! मी उगाच त्या गावाला शिव्या घालत होते.” तिने मान खाली घातली. “सोड याला.”

“आणि हे तपकिरी?”

“ते कुठं पोनो आहेत? पोनो निळा असतो. ते घरी ने. पाहुण्यांना कालवण नको का?”

तिने मला ओंजळीत घेऊन पाण्यात सोडले. “जा बाबा, अंगण भर.”

मित्रांनो, माझ्यामागे होडीत राहिल्या त्या माझ्याच जातीच्या होत्या. त्यांच्याही पोटात तीच वाळू होती. त्यांनी ती फक्त धरून ठेवली होती. त्यांच्यातलीच एखादी पुढे निळी झाली असती. आता खडकावर शेवाळ माजले आहे आणि एकट्याच्या चोचीने ते आवरत नाही.

म्हणून विनंती एवढीच, की रंग पाहून आमची ओळख ठरवू नका. तपकिरी मासा दिसला, तर त्यालाही पोनो म्हणा आणि जपा. मला वेगळा मान नको. तसाही मी मान खाली घालूनच चरतो.