चारनंतरचा वारा

अब्बासचाचांनी सुक्या बोंबलाचा तुकडा मोडला, नाकाशी धरला आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. काही नाही. तुकडा उलटा करून पुन्हा हुंगला. बोटांना खरखर तेवढी लागली. तुकडा डब्यात टाकून त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

टेबलावर कंपनीचं पत्रक होतं. ते दिवसातून तीनदा भरायचं: सकाळी दहा, दुपारी एक, दुपारी चार. प्रत्येक वेळेपुढे तीन चौकोन: नाही, सौम्य, तीव्र. ‘सांगता येत नाही’ असा चौकोन नव्हता. चाचांनी चारच्या ओळीत ‘नाही’वर खूण केली आणि खाली सही केली. अक्षर अजून वळणदार होतं. रोह्याच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून त्यांनी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले होते.

त्या अक्षरानेच घात केला. नदीपलीकडच्या औषध कंपनीच्या वासाबद्दल तक्रारी फार झाल्या, तेव्हा गेल्या वर्षी कंपनीने समाजमंदिरात सभा घेतली. चहा-बिस्किटं झाली. साहेब म्हणाले, आम्ही जबाबदारी टाळत नाही. गावातलाच एक गंधनिरीक्षक नेमू, तो लिहील ते आम्ही मानू. माणूस मात्र दोन्हीकडच्या भरवशाचा हवा. सगळ्या माना एकदम चाचांकडे वळल्या.

“चाचा लिवतील. चाचा खोटं लिवायचे नायत.”

त्यांनी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. करोनाच्या तापातून उठून पेणच्या इस्पितळातून ते घरी आले ते बायकोशिवाय, अजीजाशिवाय, आणि नाकाशिवाय. अजीजाचं गावाला ठाऊक होतं. नाकाचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, दोह्याला असलेल्या मुलालासुद्धा नाही. खालिदचा फोन शुक्रवारी यायचा, चार मिनिटांचा. त्यात नाकाची गोष्ट कुठे काढायची? येईल हळूहळू परत, असं डॉक्टर म्हणाले होते. सभेत चाळीस माणसांपुढे उभं राहून बोलणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी मान खाली घातली. लोकांनी तिचा होकार केला आणि टाळ्या वाजवल्या.

आणि मग गुरुवार सुरू झाले. दर गुरुवारी भूमिका पेणहून एसटीने आठवड्याची पत्रकं न्यायला यायची. कंपनीच्या समाजविकास विभागात ती कंत्राटावर होती. पत्रकं घ्यायला एक मिनिट पुरलं असतं. ती अर्धा तास बसायची, कोरा चहा प्यायची. चाचा बुधवारीच खुर्ची पुसून ठेवत आणि तिला काय काय विचारायचं ते मनात जुळवून बघत. ती आली की त्यातलं निम्मं विसरून जात.

पण शेजारची इंदुबाई दोन महिन्यांपासून बोलत नव्हती. शेवटचं बोलली ती कुंपणापाशी उभी राहून.

“अब्बासभाय, घास जात नाय घशाखाली. तुमी लिवता तरी काय त्या कागदावर?”

चाचा पायाखालचा पाचोळा चपलेने बाजूला सारत राहिले होते.

“आमी बोललो तर उद्या प्रविणची शिफ्ट बंद. त्याच कंपनीत हाय तो. इतं घरटी एक माणूस तितं हाय. तुमचं तितं कोण नाय, म्हणून तर तुमाला उभं केलं.” मग त्यांच्याकडे नीट बघून ती म्हणाली, “का तुमचं नाक पण कंपनीनं इकत घेतलं?”

तेव्हापासून तिच्या घरून कालवणाची वाटी आली नव्हती. नाक्यावर चाचा गेले की बाकावरचं बोलणं पावसापाण्यावर यायचं.

“चाचा, आहात का?”

भूमिका दारात होती. आज तिच्या हातात नेहमीच्या फाइलसोबत एक जाड, गुळगुळीत पुस्तक होतं. खुर्चीवर बसताच तिने ते उघडून चाचांनी पुढे केलेल्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

“कंपनीचा शाश्वतता अहवाल. पान चौदा बघा.”

पानभर चाचांचा फोटो होता. वर्तमानपत्र वाचताना काढलेला. चष्मा नाकावर घसरलेला. खाली लिहिलं होतं: ‘गंधमुक्त वर्ष. आमचे शेजारी, आमचे साक्षीदार.’

चाचांनी सवयीने अक्षरं तपासली. शुद्धलेखनाची चूक नव्हती.

“छान छापलंय,” ते म्हणाले. “एवढा मोठा फोटो कशाला पण?”

“साहेबांना आवडला. म्हणाले, चेहऱ्यावरच भरवसा आहे.” भूमिका हसली, पण तिचं हसू फार टिकलं नाही. तिने फाइलमधून एक कागद काढला. “यावर सही लागेल. वर्षभरात गंध आढळला नाही, असं एकत्रित प्रमाणपत्र. आजचं पत्रक शेवटचं. काम संपलं ना आता.”

“संपलं म्हणजे?”

“वर्षात एकदाही वासाची नोंद नाही. मग निरीक्षक कशाला? धूर धुऊन सोडणारं दुसरं यंत्र बसणार होतं, तेही यंदा नको ठरलं. त्याऐवजी पेणच्या शाळांना बाकं देणार आहेत.” ती कपाची कड पुसत म्हणाली, “माझी बदली तिकडेच झालीये. घराजवळ पडेल.”

“बरं झालं. एवढी धूळ खात यायचीस.”

चाचांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली. तिचा आवाज पार विरेपर्यंत ते थांबले.

“भूमिका, मला वास येत नाही.”

ती चहाकडे बघत राहिली.

“अजीजा गेली तेव्हापासून. कसलाच नाही. मी सभेतच सांगायला हवं होतं.”

“मला ठाऊक आहे, चाचा.”

त्यांनी चष्मा काढला.

“पहिल्या गुरुवारी आत दूध करपत होतं,” ती म्हणाली. “मला वाटलं आता उठाल, मग उठाल. तुम्ही मला तहसीलदारांचा किस्सा सांगत होता. धूर या खोलीत आला तेव्हा उठलात.”

“मग बोलली का नाहीस?”

“त्याच संध्याकाळी साहेबांना सांगितलं.” तिचा आवाज बारीक झाला. “ते म्हणाले, असू दे. म्हातारा माणूस आहे, काढून टाकलं तर वाईट वाटेल त्याला.”

चाचांनी ते वाक्य मनातल्या मनात दोनदा वाचलं. भाषा सभ्य होती. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

“तू तरी मला सांगायचंस.”

“सांगणार होते. दर आठवड्याला ठरवायचे. पण तुम्ही खुर्ची पुसून वाट बघत असायचात.” तिने प्रमाणपत्र बोटाने चार इंच स्वतःकडे ओढून घेतलं. “सही नाही झाली तर मला उत्तर द्यावं लागेल. पण देईन मी. काहीतरी सांगेन.”

चाचा उठले. त्यांनी प्रमाणपत्राला हात लावला नाही. आजचं पत्रक मात्र उचललं, खाली लिहायचा पुठ्ठा धरला, पायांत चपला सरकवल्या आणि बाहेर पडले. कुंपणाची फळी गेल्या पावसात पडली होती, तिथून ते पलीकडच्या अंगणात गेले.

इंदुबाई सुपात सुका जवळा निवडत होती. सावली अंगावर पडली तरी तिने वर पाहिलं नाही.

“इंदुबाय, आता वास हाय का?”

“मला काय इचारता? कंपनीनं नाक तुमचं—”

“मला येत नाय.”

तिचे हात थांबले.

“तापानंतर गेला तो गेला. अजीजाच्या कपड्यांची पेटी उघडतो, तितं पण काय नाय. सभेत बोलायला लाजलो. वर्षभर मी नुसत्या खुणा करतोय.”

इंदुबाईने त्यांच्याकडे बघितलं, मग हातातल्या पत्रकाकडे. तिने सूप बाजूला सारलं.

“अल्ला ऽ,” ती म्हणाली. त्यांच्याच घरात ऐकून ऐकून तिच्या तोंडी बसलेला शब्द. “आनि मी मेली तुमाला काय काय बोलली.”

“बोललीस ते खरंच झालं.”

“गप बसा.” तिने पायाने पाट पुढे ढकलला. “टेका. दाकवा काय लिवलंय ते.”

“लिहिलेलं चुकीचं आहे. तू सांग, मी लिहितो.”

“प्रविणचं नाव—”

“नाव माझंच राहील. सही पण माझीच.”

ते पाटावर टेकले. गुडघे वाजले. पुठ्ठा मांडीवर घेऊन त्यांनी पेनाचं टोपण काढलं. इंदुबाईने पदराने तोंड पुसलं, मान वर केली आणि डोळे मिटले. चाचांनी माणसाला असं वास घेताना इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. त्यांनी नजर वळवली. पलीकडे त्यांच्या दारात भूमिका पर्स खांद्याला लावून उभी होती.

“आता नाय काय,” इंदुबाई म्हणाली.

पेन कागदावर टेकलेलं होतं. चाचांनी ते उचललं.

“काहीच नाही?”

“जवळ्याचा येतोय. वासाचं म्हणाल तर नाय. आता खाडीवरचा वारा हाय, समदं तिकडं डोंगराला घेऊन जातो. किती वाजता लिवता तुमी?”

“दहा, एक आणि चार.”

“हा कोणी शाण्यानं ठरवला टाइम?” तिने डोळे उघडले. “दिवसा नाकवाला बसवला असता तरी त्यानं काय लिवलं असतं? दिवस कलला का वारा उलटतो. मग या.”

चाचांनी पत्रकाकडे पाहिलं. चारच्या ओळीखाली जाड रेघ होती आणि तिच्याखाली सहीची जागा. वर्षभर ते त्याच रेघेवर येऊन थांबत होते. मधली बोटभर जागा मोकळी होती. त्यांनी तिथे एक आडवी रेघ मारली. रेघ वाकडी आली. तिच्यावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात ‘सायंकाळी सात’ असं लिहिलं आणि पुढे तीन चौकोन काढले.

कोपऱ्यावर पेणची एसटी आली. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. चाचांनी मागे वळून पाहिलं. भूमिकाने बसकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि ती चाचांच्या पायरीवर बसली. एसटी गेली. तिची धूळ अंगणाकडे न येता पलीकडे, डोंगराच्या बाजूला वाहत गेली.

“पोरगी कुणाची?” इंदुबाईने विचारलं.

“कंपनीची.”

“अवो, तिला काय बाय नाव आसेल की नाय?” ती कमरेवर हात ठेवून उठली. “बोलवा तिला इकडं. चहा टाकते. दोन तास तरी हाय अजून वारा फिरायला.”