एक दिवस उशिरा

सिपोरा झिराडकरनं कॅलेंडरवरच्या एका चौकोनाभोवती लाल पेनानं गोल काढला. तो पुरेसा ठळक वाटेना, म्हणून पुन्हा गिरवला आणि खाली पहिलीतल्या मुलालाही वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं, 'बाबांचा दिवस. याच संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी नाही.'

"आई, फोन करून सांग ना त्यांना," ओफिरा म्हणाली. ती अकरावीत होती आणि फोनवर सांगता येत नाही असं जगात काही असेल यावर तिचा विश्वास नव्हता.

"फोनवर दरवर्षी सांगते. हनोककाका 'हो' म्हणतात आणि एक दिवस उशिरा उगवतात. आता लेखी देणार आहे."

हनोककाका म्हणजे सिपोराच्या वडिलांचे चुलतभाऊ. दहावीला दोनदा बसले, तिसऱ्यांदा बसले नाहीत, कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाले. माणूस वाईट नव्हता, असं सिपोरा म्हणायची, पण ज्यांच्याबद्दल दुसरं काही बोलण्यासारखं नसतं त्यांच्याबद्दल जे म्हणतात तेच हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचे वडील एलोजी जाऊन अकरा वर्षं झाली होती. अकराही वर्षं ती नेमानं यहुदी पंचांगातल्या किस्लेव महिन्याची चौदा तारीख लागली की संध्याकाळी खोबरेल तेलाचा दिवा लावी, ताटात खजूर-केळी मांडी, नवरा घरी असला तर तो प्रार्थना म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सगळं आवरून झाल्यावर, हनोककाका विश्रांतवाडीहून दोन बस बदलून दारात हजर. हातात तेलाची बाटली, डोक्यावर टोपी, काखेत प्रार्थनेचं पुस्तक. आत येत, दिवा मागत, हश्काबा म्हणत, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, तीही अडखळत, आणि चहा पिऊन जात. पहिल्या वर्षी ती हसली होती. तिसऱ्या वर्षी तिनं तारीख समजावून सांगितली. पाचव्या वर्षापासून ती त्यांच्यासाठी नुसतं दार उघडायची.

यंदा मात्र तेवढ्यावर भागणार नव्हतं. त्या दुसऱ्या संध्याकाळी मुख्याध्यापिका श्यामला बापट तिच्याकडे जेवायला येणार होत्या. उपमुख्याध्यापकाची जागा जानेवारीत रिकामी होत होती. बापटबाईंना मटार उसळ वाढत असताना मागे टोपीवाला म्हातारा अडखळत हिब्रू म्हणतोय, हे चित्र सिपोराला नको होतं.

तशीही ती जागा तिलाच मिळायला हवी होती. कात्रजच्या त्या शाळेत तिनं तेवीस वर्षं मराठी शिकवलं होतं आणि आजूबाजूला कोण होतं, तर अवधूत देव, खेळाचे शिक्षक, ज्यांना ती ख्रिश्चन नाही हे दर डिसेंबरात नव्यानं सांगावं लागे. एकदा त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि ते म्हणाले, "म्हणजे पारशी." तिनं तो नाद सोडला. नाताळ आला की ते तिला शुभेच्छा देत आणि ती त्यांना पोंगलच्या देई. पालकांबद्दल तर बोलायलाच नको. अर्ध्या गुणासाठी गाडी काढून येणारे, मुलाचा पेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणणारे. ती म्हणे, "अर्धा काय, एक देते. पण त्याला मराठी येत नाही ते तसंच राहील." स्वतःच्या समाजालाही ती सूट देत नसे. वर्षातून एकदा उपासाच्या दिवशी प्रार्थनेला उगवणारे आणि तिथेही घड्याळाकडे बघत बसणारे लोक. इस्रायलला जाऊन तिथल्या दुकानातल्या टोमॅटोंचे व्हिडिओ पाठवणारे नातेवाईक. ओफिराच्या मराठीबद्दल ती घरात बोलत नसे, कारण डॉक्टरांनी रक्तदाब सांभाळायला सांगितलं होतं.

शिक्षकांच्या खोलीत कुणी भाचीच्या मेंदीसाठी रजा मागितली की सिपोरा वही मिटून म्हणायची, "माझे वडील गेले त्या दिवशीही मी तास सोडला नव्हता." मागणारा अर्ज परत घ्यायचा. ते खरंही होतं. पावणेपाचला हनोककाकांचा फोन आला होता की ताबडतोब निघ. दहावीचा जादा तास चालू होता, पन्नास मुलं समोर होती. तिनं तास पुरा केला, मग शंका विचारायला थांबलेल्या मुलींना उत्तरं दिली, मग निघाली. कॅम्पातल्या हॉस्पिटलात पोचायला आठ वाजले. बाबांच्या अंगावर चादर ओढलेली होती. काका म्हणाले होते, "साडेपाचलाच गेला. तू फोन आल्याबरोबर निघाली असतीस तरी पोचली नसतीस." त्या एका वाक्यावर ती अकरा वर्षं ताठ उभी होती.

विश्रांतवाडीच्या चाळवजा इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, हनोककाकांनी सिपोरा आणि ओफिराला दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात भेंडी होती. ते ओशाळले, भेंडी मागे लपवली, पुन्हा पुढे आणली.

"सिपोरा? काही झालं का?"

"काही झालं नाही. कॅलेंडर आणलंय तुमच्यासाठी."

काकांची बायको लेयाकाकू गेल्यानंतर सहा वर्षांत सिपोरा या घरात आली नव्हती. खोली एकट्या पुरुषाची असते त्यापेक्षा नीटनेटकी होती, याचा तिला उगाचच राग आला. तिनं कॅलेंडर टेबलावर पसरलं आणि सरळ मुद्द्यावर आली. मागचा कोरा कागद उलटा करून त्यावर तिनं आडवी रेघ ओढली, मधोमध सूर्य काढला, अर्धा रेघेवर आणि अर्धा खाली. आपला दिवस रात्री बारापासून सुरू होत नाही, सूर्य मावळला की सुरू होतो, हे काकांना माहीत असेलच, असं ती ज्या सुरात म्हणाली त्यातून ते माहीत नसणार याची तिला खात्री होती हे कुणालाही कळलं असतं. किस्लेवमध्ये पुण्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. बाबा गेले साडेपाचला. म्हणजे सूर्यास्ताच्या आधी. म्हणजे चौदा तारीख चालू असताना. सूर्यास्तानंतर गेले असते तर पंधरा धरली असती. हनोककाका मान खाली घालून तो अर्धा सूर्य बघत होते.

"कळलं का काका? की पुन्हा सांगू?"

"कळलं."

"मग कुठली तारीख?"

"चौदा," काका म्हणाले. "चौदालाच येईन यंदा. चुकणार नाही."

इतक्या लवकर माघार घेतील असं तिला वाटलं नव्हतं. तिच्याकडे अजून दोन उदाहरणं शिल्लक होती. काका चहा टाकायला उठले. गॅसपाशी उभं राहून त्यांनी ओफिराला कॉलेजचं विचारलं, पण ओफिराचं लक्ष नव्हतं. ती भिंतीपाशी जाऊन उभी होती. तिथं पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक कागद खिळ्याला टांगला होता. घरातल्या गेलेल्या माणसांची यादी होती ती. नाव, यहुदी तारीख, वेळ, असे तीन रकाने, फिटरच्या सरळ, ठोकल्यासारख्या अक्षरात.

"आई, हे बघ ना. ही आजी कोण, रात्री नऊला गेलेली?"

"काकांची आई," सिपोरा म्हणाली आणि सवयीनं पुढे होऊन तपासू लागली. चूक सापडेल या आशेनंच ती वाचत होती. पण काकांच्या आईची तारीख बरोबर होती. रात्री नऊला गेल्या म्हणून दुसऱ्या दिवसाची धरलेली. लेयाकाकूंची बरोबर, पहाटे चार. एका मेहुण्यापुढे 'दुपारी दोन' होतं, तेही बरोबर. आठ नावं, आठांपुढे तारखा, सगळ्या जिथल्या तिथे. नववं नाव एलोजीभाऊ. त्यापुढे, १५ किस्लेव. तिसरा रकाना कोरा.

"फक्त आजोबांचीच वेळ नाहीये," ओफिरा म्हणाली. "आणि आई, ते आफ्टर सनसेट गेले असतील तर काकांची डेट बरोबर आहे ना?"

"असतील तर. गेले साडेपाचला."

"तुला कसं माहीत? तू तर आठला पोचलीस ना?"

गॅसपाशी काही हललं नाही. चहा उकळून वर आला, काकांनी तो उतरवला नाही, आणि थोडा चहा बर्नरवर सांडला. वर्गात उत्तर न येणारी मुलं कशी गप्प बसतात आणि उत्तर येत असूनही न सांगणारी मुलं कशी गप्प बसतात, यातला फरक सिपोराला तेवीस वर्षं कळत होता.

तिनं ओफिराला खाली जाऊन बिस्किटं आणायला पाठवलं. बिस्किटं टेबलावरच्या डब्यात दिसत होती. ओफिरानं त्यांच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि चपला घातल्या.

"काका, वेळ लिहायची राहिली?"

"राहिली."

"सांगा. मी लिहिते."

तिनं पेनाचं टोपण काढलं. काका फडक्यानं बर्नर पुसू लागले, पुसून झाला तरी पुसत राहिले.

"सहा वाजून गेले होते?"

"कशाला उकरून काढतेस आता."

"सात?"

"सव्वासात," काका म्हणाले. मग लगेच, जणू हातून काहीतरी फुटल्यासारखे, घाईघाईनं बोलू लागले. दहावीची मुलं होती तिच्यासमोर, त्यांचं वर्ष होतं, ती काय मौज करत नव्हती. आणि डॉक्टरांनाही कुठे नक्की ठाऊक होतं. तेव्हा तोंडातून निघालं साडेपाच, आणि मग ते परत कसं घेणार. दिवा मात्र चुकीच्या दिवशी लावायचा म्हटलं की त्यांचा जीव धजेना. एलोजीभाऊ काय म्हणेल असं वाटे. म्हणून आपले दुसऱ्या दिवशी येत, आणि तिनं काही म्हटलं की ऐकून घेत. त्यात एवढं काही नव्हतं.

सिपोरा खुर्चीवर बसली. आपण निघालो असतो तर सहाला पोचलो असतो, हा हिशेब तिनं केला नाही, तो आपोआप झाला. सव्वा तास. एक तास आणि पंधरा मिनिटं तिला बाबांपाशी बसायला मिळाली असती. त्या वेळात ती फळ्यापाशी उभी राहून अलंकार समजावत होती. कुठल्या मुली शंका विचारायला थांबल्या होत्या तेही तिला आठवेना. शिक्षकांच्या खोलीत आपण ते वाक्य किती वेळा बोललो असू, आणि बोलताना आवाज कसा लावला असेल, हे मात्र स्पष्ट ऐकू आलं. तिला स्वतःची किळस वाटली, आणि ती भावना तिच्या चांगल्या ओळखीची होती, फक्त आजपर्यंत ती दुसऱ्यांसाठी वापरली होती.

"शुद्धीत होते?"

काकांनी मान डोलावली.

"मला विचारलं?"

"दोनदा," काका म्हणाले. "मी म्हटलं, निघालीये, ट्रॅफिकमध्ये आहे. त्याला पटलं. म्हणाला, कात्रजहून यायचं म्हणजे वेळ लागणारच."

तिनं चेहरा झाकला नाही, पण मान वळवून गॅलरीकडे बघत राहिली. शेजारच्या गॅलरीत कुणाची तरी चादर वाळत होती. काकांनी चहा दोन कपांत ओतला, एक तिच्यापुढे ठेवला, आणि स्वतःच म्हणाले की त्यांनी ठरवलंय, यंदापासून चौदालाच येतील, उगाच दोन-दोन दिवस तिला घोळ नको, तिच्या शाळेचं असतं. त्यांना बापटबाईंच्या जेवणाचं काही ठाऊक नव्हतं. तरी ते सोय तिचीच बघत होते.

ओफिरा बिस्किटांचा पुडा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"चौदाला नको," सिपोरा म्हणाली. मग कॅलेंडर जवळ ओढून तिनं पुन्हा सांगितलं. "चौदाला येऊ नका काका. पंधराला या. त्या दिवशीच लावू दिवा."

"अगं पण आई, त्या दिवशी बापट मॅडम येणारेत ना," ओफिरा म्हणाली.

"त्यांना कळवते मी. नंतर कधीतरी येतील, नाहीतर नाही येणार."

काका कपाकडे बघत होते. त्यांनी बशीत चहा ओतला, पुन्हा कपात ओतला.

"संध्याकाळची वेळ असते," ते म्हणाले. "दोन बस बदलायच्या, मध्ये ट्रॅफिक. मला उशीर होईल सिपोरा. तू आपलं लावून घे."

"होऊ दे उशीर," ती म्हणाली. "मी थांबते."